'एन्दूओ' : ख्रिस्ताला 'परिधान करा' म्हणजे नेमकं काय करा?

बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (13:14) प्रेषित पौल म्हणतो, 'प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा.' मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, काजळ लेतात. पण एखादा माणूस असा नेसता, घालता किंवा पांघरता येत नाही. मूळ ग्रीक क्रियापद कोणतं आहे? 'परिधान' वाचलं की मला तर बातमीतले पाहुणेच दिसतात.

—

क्रियापद 'एन्दूओ'. 'एन' म्हणजे आत, 'दूओ' म्हणजे शिरणे, बुडणे. मार्क 1:32 मध्ये सूर्य मावळतो तिथे हेच 'दूओ' आहे. आपला 'दिवस बुडाला' अगदी तसाच. थोडक्यात, ग्रीक माणूस कपड्यात शिरतो. आपण उलटं बोलतो : 'अंगात सदरा आहे'. खरं तर सदऱ्यात अंग असतं!

वरून गुंडाळायच्या वस्त्रासाठी 'पेरिबालो', म्हणजे भोवती टाकणे, असं वेगळं क्रियापद आहे. पण फार ताणू नका. मत्तय 6:25 मध्ये 'काय पांघरावे' याची चिंता 'एन्दूओ'ने केली आहे आणि 31 व्या वचनात 'पेरिबालो'ने.

माणसाला अंगावर चढवणं ही पौलाची एकट्याची कल्पना नव्हे. त्याच्या काही दशकं आधी रोममध्ये राहून ग्रीकमध्ये इतिहास लिहिणारा हालिकार्नाससचा दिओनिसिऑस 'त्या तार्क्विनला चढवलेले' अशी माणसं रंगवतो. तार्क्विन म्हणजे रोमचा शेवटचा, जुलमी राजा. त्याला चढवणं म्हणजे त्याच्यासारखं वागणं.

—

मग सरळ 'सोंग घेणे' म्हणा की.

—

सोंग नको. तेच क्रियापद गलतीकरांस पत्रात (3:27) आहे आणि तिथे भूतकाळ आहे : बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्ताला परिधान केलेच आहे. ग्रीकमध्ये दोन रूपांत एका अक्षराचा फरक. 'एन्दूसास्थे' म्हणजे परिधान करा. 'एनेदूसास्थे' म्हणजे परिधान केलंत. एकीकडे आज्ञा, दुसरीकडे झालेली गोष्ट. सोंग वठवावं लागतं. इथे अंगावर चढलेल्या कपड्याला शोभेल असं वागा, एवढंच सांगणं आहे. दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचली तरच अर्थ लागतो, असं माझं मत.

—

आमच्याकडे वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला पांढरं वस्त्र देतात आणि फादर ख्रिस्ताला परिधान केल्याचं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, त्या झबल्याचंच नाव ख्रिस्त!

—

गीतेतलं 'वासांसि जीर्णानि' हेच ना? जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यायची.

—

दादा, इथे वस्त्र तेवढं सारखं आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (5:4) पौल 'एपेन्दूओमाई' वापरतो. 'एपि' म्हणजे वरून. त्याला जुनं उतरवायचं नाही, त्यावरच नवं चढवायचं आहे. उघडं पडायची त्याला धास्ती आहे. गीतेत वस्त्र म्हणजे देह आणि तो टाकताना खंत नाही. याच शब्दाच्या घरातलं नाम योहान 21:7 मध्ये आहे. येशूचा शिष्य पेत्र मासेमारीला उघडाच होता, प्रभू किनाऱ्यावर आहे हे कळताच 'एपेन्दूतेस', म्हणजे वरचा अंगरखा, कमरेला आवळतो आणि पाण्यात उडी टाकतो. पोहायला कपडे चढवणारा दुसरा कोळी माझ्या तरी ऐकिवात नाही.

—

लूक 24:49 राहिलं. 'स्वर्गीय सामर्थ्याने युक्त व्हाल' असं आपल्याकडे वाचतात. तिथेही 'एन्दूओ'च आहे, म्हणजे ते सामर्थ्य कपड्यासारखं अंगावर यायचं आहे. 'युक्त'मध्ये कपडाच हरवला.

—

मग 'अंगात येईल' करू या?

—

करून बघा, मंडळी वेगळंच समजतील! पण गंमत म्हणजे जुन्या करारातल्या शास्ते 6:34 मध्ये, इस्राएलचा पुढारी गिदोन याच्या गोष्टीत, हिब्रू मजकूर जवळपास तेच म्हणतो. तिथलं 'लाबाश' हे क्रियापद अंगावर कपडा घालण्याचं, पण गिदोन तिथे कपडा आहे. परमेश्वराच्या आत्म्याने गिदोनाला घातलं, असं शब्दशः वाचता येतं. तिथे मी 'संचार' शब्द वापरेन. रोमकरांसाठी 'अंगावर घ्या' सुचवतो, पण कर्ज अंगावर घेतल्यासारखं वाटतं अशी हरकत घरातूनच आली आहे.

—

'ल्या' कसं वाटतं? काजळ, कुंकू, दागिने, लुगडं सगळं लेता येतं.

—

वाचताना छान. उपासनेत मोठ्याने म्हटलं तर मागच्या बाकावर 'प्या' ऐकू जाईल.