२१ नोव्हेंबर १९६१ ला पाल कुठे होतं?

रेकॉर्डरूम: काल एकाने इथे लिहिलं, "सत्तर वर्षांत साधा जातीचा दाखला काढता आला नाही, त्याला सरकार काय करणार?" वाचून डोकं फिरलं. विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी मानीव दिनांक, म्हणजे रहिवास धरायची ठरलेली तारीख, २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी बाप-आजा जिथे राहत होता, तिथल्याच प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. ज्याचं पाल, म्हणजे राहायचा तंबू, दर पंधरवड्याला उठायचं, त्याने कुठला तालुका लिहायचा? सातबारा नाही. बाळंतपण गावाच्या वेशीबाहेर, म्हणून कोतवाल बुकात, गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, जन्माची नोंद नाही. आणि शाळेची पायरी चढलेलं घरातलं पहिलं पोर म्हणजे आजचा अर्जदार!

कलमआठ: फिरवा डोकं. जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करायची ती अर्जदारानेच. ही अट सैल केली की बोगसवाले घुसतात, आणि आरक्षणातले विजा-अ (विमुक्त जाती) चे ३ टक्के, भज-ब (भटक्या जमाती) चे अडीच टक्के खातात ते याच पालवाल्यांच्या ताटातले. कागद नसेल तर गृहचौकशी, म्हणजे घरी येऊन केलेली चौकशी, आहेच की.

रेकॉर्डरूम: आहे, कागदावर. तलाठी म्हणतो आधी पुरावा, मग चौकशी. सरपंच म्हणतो, हे आमच्या गावचे नाहीतच. प्रांताने लेखी नाकारलं तर ३० दिवसांत अपील तरी करता येतं. पण अर्ज नुसता 'त्रुटी' मारून परत येतो. तो नकार नव्हे, मग अपील कशावर करणार?

गोदाकाठ: मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ ला सरकारची शिंदे समिती बसते, जुनी मोडी लिपी वाचणारे शोधून आणतात. भटक्यांसाठी एक तरी मोडीवाला बसवला का कुणी?

बांधावरून: आला कुणबी! धागा कुठलाही असो, दगड आमच्याच दारात. आमच्या नोंदी जुन्या दप्तरात होत्या म्हणून निघाल्या, कुणी दान नाही दिल्या.

गोदाकाठ: दान कोण म्हणतंय? शोधायचा पगार सरकारने दिला, एवढंच म्हटलं.

बांधावरून: मग तुमच्या दप्तराचं नाव सांगा. नुसतं रडू नका.

रेकॉर्डरूम: सांगतो. विमुक्तांवर इंग्रजांनी लादलेला गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, देशभरातून गेला १९५२ ला. जमातवार नोंदणी व्हायची, पुढे बोटांचे ठसेही घेत. सोलापूरच्या सेटलमेंटात, म्हणजे या जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारांच्या कुंपणाआड हजेरी होती. ज्यांना सरकारनेच जात विचारून डांबलं, त्यांच्याच नातवाला सरकार विचारतं, जात कशावरून?

कलमआठ: टाळ्या घेणारं वाक्य आहे. स्वातंत्र्यपूर्व कागदाला वजन जास्त, हे मान्य. पण रजिस्टरात नुसतं नाव आणि 'कैकाडी', अर्जात आडनाव 'जाधव'. सांधा कशाने जोडणार?

रेकॉर्डरूम: वंशावळीने. शपथपत्रावर आजा, चुलते, आत्या, सगळे घ्या. लोक फक्त बाप-आजा लिहितात आणि तिथेच फसतात. शेवटच्या शाळेचा दाखला जोडतात, तीही चूक. पहिल्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टराचा उतारा काढा, मूळ नोंद तिथेच असते. बापाकडच्या सख्ख्या रक्तनात्यात कुणाच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी झाली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर ठेवा.

बांधावरून: आणि गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहिलं असेल तर?

रेकॉर्डरूम: तर शाळेत असतानाच दुरुस्ती करून घ्यायची. दाखला हातात पडल्यावर मुख्याध्यापक हात वर करतात.

कलमआठ: बरं बाबा, पाल हलतं हे कबूल. मग तारखेवर कशाला घसरता, ठिकाणाची अट काढा म्हणा ना सरळ!

रेकॉर्डरूम: पहिल्या ओळीपासून दुसरं काय म्हणतोय?