‘कारण’ की ‘निमित्त’?

विचारणा : ‘अणुकेंद्रकाचा ऱ्हास कारणाशिवाय होतो’ असं वाक्य एका विज्ञानलेखात वाचलं. इथे ‘कारण’ हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर : ‘निमित्ताशिवाय’ हवं होतं. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात कारणाचे तीन प्रकार आहेत. कापडाचं समवायी कारण (ज्यातून वस्तू बनते ते) तंतू, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणण्याची साधनं हे निमित्त कारण. आता कार्बन-१४ हे कार्बनचं आपोआप ऱ्हास पावणारं रूप घ्या. ज्याचा ऱ्हास होतो ते केंद्रक आहे, त्याची अस्थिर रचना आहे, ऱ्हासाची ठरलेली संभाव्यता आहे. म्हणून तर कुठल्याही नमुन्यातला निम्मा कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत संपतो. नाही ते इतकंच, की हेच केंद्रक आणि आत्ताच का, हे ठरवणारी आधीची एखादी घटना, म्हणजेच निमित्त. रूढ क्वांटम सिद्धांत तशी घटना मानत नाही. एवढ्यावरून ‘कारणच नाही’ म्हणणं फार झालं. ‘तापाचं निमित्त झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा मूळ कारण वेगळं आहे हे गृहीतच असतं. हा भेद मराठीच्या अंगवळणी पडलेला आहे, तो वापरावा.

आणखी एक मत : ‘रूढ’ म्हटलंत ते महत्त्वाचं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या १९५२ च्या क्वांटम मांडणीत कणांची स्थानं कायम निश्चित असतात, त्यामुळे ‘आत्ताच का’ याचंही उत्तर मिळतं. पण दूरवरच्या घटनांचा तात्काळ प्रभाव तिथे मानावा लागतो, आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलच्या १९६४ च्या प्रमेयामुळे अशा मांडणीला त्यातून सुटका नाही.

विचारणा : मग सांख्य दर्शनातला सत्कार्यवाद म्हणजेच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, हे तरी चालेल?

उत्तर : नाही, आणि ही तुलना फार सैलपणे केली जाते. ऊर्जेचा नियम बेरीज कायम राहते एवढंच सांगतो. सांख्यांचा दावा मोठा आहे : कार्यच उत्पत्तीपूर्वी कारणात अव्यक्त रूपाने असतं. बीटा-ऱ्हासात केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर येतो, तेव्हा तो आत आधीपासून असणारच, असं १९२० च्या दशकात बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ धरून चालत. ही अगदी सत्कार्यवादी विचाराची धाटणी. १९३४ साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने मांडलं की इलेक्ट्रॉन त्या क्षणीच निर्माण होतो, आणि तेच टिकलं. ऊर्जा आणि विद्युतभार जपले जातात, पण इलेक्ट्रॉन नवा असतो. इथे नैयायिकांचा (न्याय दर्शन मानणाऱ्यांचा) आरंभवाद, म्हणजे कार्य आधी नसतं, नव्याने उत्पन्न होतं हे मत, जवळचा वाटतो.

पुरवणी : तर्कसंग्रहातली व्याख्या आहे ‘कार्यनियतपूर्ववृत्ति कारणम्’, म्हणजे कार्याच्या आधी नेमाने असतं ते कारण. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या नियमित पूर्वापरतेशी (एकामागून दुसरं नेहमी घडणं म्हणजे कारण-कार्य) ती जुळते, हे लगेच लक्षात येतं. यातल्या ‘पूर्व’कडे मात्र नीट पाहायला हवं. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार, एका घटनेपासून दुसरीपर्यंत प्रकाशही पोचू शकत नसेल, तर त्यांतली आधीची कोणती हे निरीक्षकागणिक बदलतं. म्हणून भौतिकीबद्दल लिहिताना ‘आधी घडलेलं’ एवढं पुरत नाही. ‘प्रकाशाला पोचता येईल इतकं आधी’ असं लिहावं.