मदत हवी आहे: कण्हेरच्या बॅकवॉटरला प्लॉट घ्यावा का?

नमस्कार मंडळी, साताऱ्यात कण्हेर धरणाच्या बॅकवॉटरला एक गेटेड प्लॉटिंग स्कीम चाललीय, क्लबहाऊस, बोटिंग, लेक व्ह्यू वगैरे, आणि आमच्या दाजींनी टोकन द्यायचा धोशा लावलाय. एजंट म्हणतो एनए (बिगरशेती परवानगी) प्रोसेसमध्ये आहे, तोवर सातबाऱ्यावर सामाईक नाव लावून देतो (आमच्याकडं शेतकरी दाखला नाही, मग नाव लागणार कसं?). ५०० चौरस मीटरच्या वरच्या स्कीमला महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नंबर लागतोच ना, तो विचारला की गडी चहा मागवतो. धरण पूर्ण भरलं की पाणी कुठपर्यंत येतं ती रेषा कुठं बघायला मिळंल, पाटबंधारे खात्यात का भूमी अभिलेखला? आणि पाणी सरकारचं, मग प्रायव्हेट बोटिंग कुणाच्या परवानगीनं? तिकडं कुणी घेतलं असंल तर सांगा, जमिनीच्या कामातला वकील पण सुचवा.