मदत हवी आहे: मराठीतून संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्स करताना अडलेय

नमस्कार मंडळी. बी.ए., बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासाठी मराठीतून संख्याशास्त्राचा कोर्स तयार करतेय. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचासारखाच साचा : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वाध्याय.

पहिल्याच धड्यात गाडी अडली. दहावीच्या पुस्तकात मीनला (सरासरीला) 'मध्य' आणि मीडियनला (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येला) 'मध्यक' म्हणतात. कागदावर ठीक, पण कानाला फरक एका 'क'चा! त्यात स्वयंचलित उपशीर्षकांनी कहर केला. मी म्हटलं, "आता मध्य काढा", पडद्यावर आलं, "आता मद्य काढा". मुलांचं लक्ष मध्यावर राहील असं वाटत नाही.

पुढे रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची पद्धत. परिभाषा कोशातला 'समाश्रयण' म्हटला की मुलं माझ्याकडे बघतच राहतात. नुसतं रिग्रेशन म्हणावं, तर मग मराठी कोर्स कशाला, असं समितीतले एक सर विचारतात. मला वाटतं, बोलताना रिग्रेशन आणि पाटीवर दोन्ही शब्द. पुढे एम.ए.ला इंग्रजी पुस्तकं वाचावीच लागतात ना.

तर विचारायचंय :

उपशीर्षकं हाताने दुरुस्त करणाऱ्यांना दहा मिनिटांच्या व्हिडिओला साधारण किती वेळ लागतो? मला परवा अख्खी दुपार गेली.

आणि जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दिसावीत यासाठीची पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या नोट्स आहेत, दीडेकशे पानं. नुसत्या चिकटवल्या की अक्षरांचा चिवडा होतो. रूपांतर करताना जोडाक्षरं आणि सूत्रं शाबूत राहतील असा मार्ग कुणी वापरलाय का? पुन्हा टाइप करायची हिंमत नाही.