"अंगावर पाजलेलं बाळ आजारीच पडत नाही" म्हणे!

शरणपूररोडकर
काल आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली: "सहा महिने फक्त अंगावर पाजा, सर्दी-कानदुखी-जुलाब काही होत नाही, बाळ आजारीच पडत नाही. पावडर पाजणाऱ्या आयांनी आळस सोडावा." खाली नुसते अंगठे आणि फुलं. मी स्वतः पाजलंय, तरी रात्रभर डोकं तापलेलं आहे.

संशोधनाचं नाव घेताय तर सगळं सांगा. एका आईला पाज आणि दुसरीला पाजू नको असं सांगता येत नाही, म्हणून बेलारूसमध्ये १९९६-९७ ला दवाखान्यांच्याच चिठ्ठ्या टाकल्या. ३१ दवाखाने, १७ हजारांवर बाळं. निम्म्या ठिकाणी पाजायला मदत कशी करायची याचं प्रशिक्षण, बाकी नेहमीसारखं. वर्षभरात पोटाचा संसर्ग झालेली बाळं एकीकडे १३.२ टक्के, मदत मिळाली तिथे ९.१. हा फरक मी मानते. पण सर्दी-खोकल्यासारख्या श्वसनाच्या आजारांत ठळक फरक सापडला नाही. मग "आजारीच पडत नाही" हे आलं कुठून?

कॉलेजरोडचा_बाबा
पोस्ट माझी होती. तुम्ही अर्धंच सांगताय. प्रशिक्षण दिलेल्या दवाखान्यांतसुद्धा तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर असलेली बाळं ४३ टक्केच होती, दुसरीकडे साधारण ६. सगळ्यांनी पाजलं असतं तर फरक आणखी मोठा दिसला असता. कानाच्या दुखण्याबद्दलही बरेच निरीक्षणाचे अभ्यास, म्हणजे चिठ्ठ्या न टाकता आपणहून पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या आयांच्या बाळांची तुलना, पाजण्याच्याच बाजूने आहेत.

शरणपूररोडकर
४३ चा मुद्दा बरोबर. निरीक्षणाच्या अभ्यासांचं मात्र सावकाश घ्या. मुळात अशक्त, नीट न ओढणारं बाळच लवकर वरच्या दुधावर जातं. ते पुढे आजारी पडलं की खापर डब्यावर.

पंचवटीकर_आजी
बेलारूसला जाऊन आलात, पण घरातली घुटीची सहाण दिसली नाही. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, एकेक वेढा. माझी मुलं, नातवंडं त्यावर पोसली. आता सून म्हणते सहा महिने पाण्याचा थेंबही नाही. नाशिकच्या मे महिन्यात लेकराचा घसा सुकत नाही?

सिस्टर_इंदिरानगर
आजी, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेव्हा पाजायचं. पाण्याने पोट भरलं की दूध कमी ओढतं. आणि घुटीबरोबर मध चाटवतात ते तर वर्षाच्या आत नकोच, बोटुलिझम नावाच्या विषबाधेचा धोका असतो. सहाणही रोज कोण उकळतं?

पंचवटीकर_आजी
म्हणजे आम्ही लेकरांना विष पाजलं? आमची सहाण उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवलेली असायची. तुमच्या दवाखान्यांत तिसऱ्या दिवशी आईच्या हातात डबा कोण देतं, ते आधी बोला!

सिस्टर_इंदिरानगर
विष कुणीच म्हटलं नाही. डब्याचं खरं आहे, आणि मला त्याचा राग तुमच्याइतकाच येतो. १९९२ चा कायदा आहे, २००३ ला कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वरच्या दुधाची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत. तरी "दूध कमी पडतंय" म्हटलं की डबा पुढे येतो. बाळ छातीला नीट लावलंय का, ते कुणी बघत नाही.

कॉलेजरोडचा_बाबा
आजी, घुटीसाठी वेगळा धागा काढा ना.

पंचवटीकर_आजी
का काढू? लेकराच्या पोटात काय जातं हाच विषय आहे ना?

दिंडोरीवाला
बेलारूसचे आकडे इथे चिकटवू नका, तिथलं पाणी स्वच्छ. आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याच्या बाया येतात, लेकरू बांधावर झोळीत. डबा परवडत नाही म्हणून पावडर पातळ करायची, पाणी विहिरीचं, बाटली तशीच धुतलेली. माझ्या बागेत एका लेकराला असे जुलाब लागले की ओआरएस पाजत रात्री गाडी काढावी लागली. इथे अंगावरच्या दुधाने जीव वाचतो.

सातपूर_शिफ्ट
वाचतो ना. मग आईला पाजू द्या! २०१७ पासून कायद्यात २६ आठवडे रजा आहे, ५० कामगारांवर पाळणाघर, दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा. आमचा ठेकेदार माणसं तीन नावांवर वाटून दाखवतो, म्हणजे ५० कधी भरतच नाहीत. तिसऱ्या महिन्यात कामावर गेले. छाती दगड व्हायची, दूध पिळून संडासात टाकायचं. मग आटलं. मला आळशी म्हणणाऱ्याने एक शिफ्ट करून दाखवावी.

कॉलेजरोडचा_बाबा
"आळस" हा शब्द काढतो. बाकी पोस्ट तशीच राहील.

शरणपूररोडकर
"आजारीच पडत नाही" पण काढा.

कॉलेजरोडचा_बाबा
"जुलाब कमी होतात" करतो. त्याच्या पुढे एक अक्षर बदलणार नाही.

सातपूर_शिफ्ट
सिस्टर, धाकटीच्या वेळी दूध काढून ठेवायचा विचार आहे. किती टिकतं?

सिस्टर_इंदिरानगर
२५ अंशांपर्यंत चार तास, शेडच्या उकाड्यात तेवढा धरू नका. फ्रीजमध्ये चार दिवस. वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको.

पंचवटीकर_आजी
पाणी बंद करते. सहाणेचं मी आणि सून बघून घेऊ.