दूध बिलाची क्वेरी लॅपटॉपवर ४ सेकंद, सर्व्हरवर साडेचार मिनिटं

सांजपाळी:
नमस्कार मंडळी. एका दूध संघाचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी एकटी सांभाळते. डेटाबेस पोस्टग्रेस १५, १६ जीबी रॅम, एसएसडी. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज २४,००० च्या आसपास नोंदी येतात. उत्पादक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), बस. 'संकलन' टेबल आता १ कोटी २ लाखांवर गेलंय. १, ११ आणि २१ तारखेला दहा दिवसांची बिलं निघतात. क्वेरी साधी आहे: त्या दहा दिवसांच्या नोंदी घ्यायच्या, 'दर' टेबलात फॅट-एसएनएफ जुळवून भाव काढायचा, उत्पादकवार बेरीज करायची.

पहिलं वर्ष काही त्रास नव्हता. गेले चार-पाच महिने कधी पटकन निघतं, कधी साडेचार मिनिटं. तीन मिनिटांनी स्क्रीन तुटते आणि बिल अर्धवट राहतं. काल ११ तारीख होती. दुपारी दोनपर्यंत केंद्रांच्या सचिवांचे फोन चालू होते. लोकांची पशुखाद्याची उधारी या पैशांवर फिटते, म्हणून जीव टांगणीला लागतो.

डोकं चक्रावलं ते पुढेच. कालचाच बॅकअप घरी लॅपटॉपवर उतरवला, तर तीच क्वेरी ४ सेकंदांत! लॅपटॉपला रॅम निम्मी आहे. मग सर्व्हरला झालंय काय?

खडूफळा:
शेअर्ड बफर्स (डेटाबेसनं स्वतःसाठी राखलेली रॅम) किती आहे? मूळचं १२८ एमबीच असेल तर रॅमच्या पाव हिश्शापर्यंत न्या. संकलनाच्या तारखेवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे का?

सांजपाळी:
शेअर्ड बफर्स ४ जीबी केलंय, फरक नाही. इंडेक्स उत्पादक क्रमांक आणि तारीख असा जोडीचा आहे. नुसत्या तारखेवर नाही.

नदीकाठचा:
ताई, रॅमला हात लावू नका आत्ता. लॅपटॉप जिंकतोय म्हणजे दोन्हीकडचे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची हे डेटाबेसचा प्लॅनर ठरवतो ते) वेगळे असणार. दोन्हीकडे एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी चालवून प्लॅन दाखवणारी आज्ञा) चालवा आणि किती ओळी येतील याचा संकलनापुढचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा टाका.

सांजपाळी:
सर्व्हर: अंदाज १ ओळ, प्रत्यक्षात २,४१,३१६. वर नेस्टेड लूप, आणि आत 'दर' टेबलाचा सीक्वेन्शियल स्कॅन, लूप्स २,४१,३१६.
लॅपटॉप: अंदाज २,३८,००० च्या आसपास, हॅश जॉइन ('दर' एकदाच वाचून जुळवणी).

नदीकाठचा:
सापडलं. 'दर' मध्ये किती ओळी आहेत? जुनी-नवी दरपत्रकं मिळून तीन-चार हजार असतील. म्हणजे दुधाच्या प्रत्येक नोंदीसाठी अख्खं दरपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जातंय. २,४१,००० गुणिले ३,८०० धरा, ९० कोटींच्या वर तुलना होतात. एकच ओळ येणार असती तर हा प्लॅन बरोबरच होता. प्लॅनरला चुकीची माहिती मिळाली.

ती कशी, ते बघा. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) एखाद्या टेबलाची आकडेवारी ताजी करतं ते साधारण १० टक्के ओळी बदलल्यावर. टेबल २० लाखांचं होतं तेव्हा २ लाख नोंदींनी, म्हणजे आठ-नऊ दिवसांनी ती ताजी व्हायची. आता १० लाख नोंदी साठायला ४२ दिवस लागतात. मधल्या काळात प्लॅनरच्या हिस्टोग्रामची (कोणत्या तारखांच्या किती नोंदी, याच्या साठवलेल्या अंदाजाची) शेवटची तारीख मागच्या महिन्यातली असते. १ ते १० तारखेचं दूध विचारलं की त्याच्या हिशेबी तिथे काहीच नाही, म्हणून तो १ ओळ धरतो. ज्या वेळी ॲनालाइझ (आकडेवारी ताजी करण्याचं काम) नुकतंच झालेलं असतं, ते बिल पटकन निघतं.

लॅपटॉपवर बॅकअप उतरवला की सगळ्याच ओळी नव्या, त्यामुळे ऑटोॲनालाइझ लगेच धावलं. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये लास्ट_ऑटोॲनालाइझ बघा, खात्री पटेल.

आत्ता हातानं 'संकलन'वर ॲनालाइझ चालवा. मूळ सेटिंगला ते ३०,००० ओळींचा नमुना घेतं, टेबल कितीही मोठं असो. मग फक्त या टेबलापुरता ॲनालाइझचा स्केल फॅक्टर (ती टक्केवारीची अट) ० आणि थ्रेशोल्ड (किमान किती ओळी बदलल्यावर) २०,००० ठेवा, म्हणजे रोज एकदा तरी होईल. 'दर'वर दूधप्रकार, दरपत्रक, फॅट, एसएनएफ असा यूनिक इंडेक्स (हे चारही सारखे असलेली ओळ दोनदा येऊ न देणारा) मात्र घालाच. उद्या अंदाज पुन्हा चुकला तरी नेस्टेड लूप इंडेक्सवरून जाईल.

खडूफळा:
माझा रोख चुकला होता. आमच्याकडे पतपेढीच्या व्याजाच्या रिपोर्टला हेच लक्षण आहे, आजच तपासतो.

सांजपाळी:
लास्ट_ऑटोॲनालाइझ: ३१ दिवसांपूर्वी. ॲनालाइझला दीड सेकंद लागला आणि बिल ३.८ सेकंदांत निघालं. 'दर'वर यूनिक इंडेक्स टाकायला गेले तर डुप्लिकेटची एरर आली. म्हशीच्या ६.५ फॅटला, ९.० एसएनएफला एकाच दरपत्रकात दोन भाव आहेत. म्हणजे त्या नोंदी बिलात दोनदा धरल्या गेल्या असणार. आज रात्री मागची सगळी बिलं तपासायला बसते. दादा, तुम्ही तो इंडेक्स सांगितला नसता तर हे कळलंच नसतं.