कॅटवुमन अंक १४ नंतर एकदम अंक ०? झीरो अवर समजावून सांगा

नौपाडावाचक:
मंडळी, राम मारुती रोडच्या मागे एका रद्दीवाल्याकडे कॅटवुमनचे १९९४ चे सुटे अंक मिळाले, १४, ० आणि १५. १४ वर झीरो अवर छापलंय, काळाची पार वाट लागलीये आणि ही जांभळ्या सूटमध्ये त्यात सापडलीये. मग ० उघडला तर एकदम तिचं लहानपण! मधला अंक राहिला का? आणि चोऱ्या करणाऱ्या बाईचा नि काळ कोसळण्याचा संबंध काय?

सानपाडा_कॉमिक्स:
काही राहिलं नाही भाऊ, क्रम तोच आहे. झीरो अवर ही डॅन जर्गन्सची पाच अंकांची मालिका, दर आठवड्याला एक, आणि नंबर उलटे, ४ पासून ० पर्यंत. त्यात काळ दोन्ही टोकांनी पुसला जातो, भूतकाळही आणि भविष्यही, पानंच्या पानं पांढरी पडत जातात. आधी वाटतं एक्स्टंट नावाचा खलनायक हे करतोय, पण खरा करता-करविता हॅल जॉर्डन, म्हणजे आधीचा ग्रीन लँटर्न नावाचा नायक, आता पॅरालॅक्स नावाचा खलनायक. त्याचं शहर कोस्ट सिटी बेचिराख झालेलं, म्हणून त्याला सगळा इतिहासच नव्याने लिहायचाय. ते संपलं की डीसीने, म्हणजे हे अंक छापणाऱ्या कंपनीने, चालू मालिकांचा एकेक ० अंक काढला, नव्या वाचकाला सुरुवात कळावी म्हणून. तुझा ० तोच.

घोडबंदरची_मनू:
सानपाडा बरोबर बोलतोय पण संबंध काय ते राहिलंच. तेव्हा बॅटमॅनच्या बऱ्याच मालिकांत काळ फाटला होता, बॅटमॅन ५११ बघ, कमिशनर गॉर्डनची मुलगी बार्बरा बॅटगर्लच्या वेशात धडधाकट उभी, आणि खरी बार्बरा तेव्हा १९८८ च्या अंकापासून व्हीलचेअरवर होती. ते पान बघून मला भरून आलं होतं, अजूनही येतं. सेलिना, म्हणजे कॅटवुमन, मात्र कुणाचं विश्व वाचवायला निघालेली नाही, ती आपल्या जिवासाठी पळते, आणि मला तेच आवडतं, कारण एवढ्या मोठ्या उलथापालथीत साध्या माणसाचं काय होतं ते चोराच्या नजरेतून जास्त कळतं, सुपरमॅनच्या नाही.

ऐरोली_७०८:
मनूताई, पटलं नाही. १४ हा मोठ्या मालिकेच्या जाहिरातीसाठी मध्येच घुसवलेला अंक आहे, चालू गोष्ट तुटते. खरा माल ० मध्ये आहे. आई आत्महत्या करते, बाप दारूत जातो, पोरगी सुधारगृहातून रस्त्यावर येते आणि चोरी शिकते. जिम बॅलेंटची चित्रं. एवढं कळल्यावर पुढचे अंक वेगळेच वाटतात.

घोडबंदरची_मनू:
० चांगला आहेच, नाही कोण म्हणतंय. पण काळ कोसळला नसता तर तो ० निघालाच नसता ना! त्याच घडामोडीत बॅटमॅनच्या आईबाबांचा मारेकरीही बदलला, जो चिल नावाचा तो गुंड गायब, खुनी कधी सापडलाच नाही असं ठरलं. म्हणजे नायकाचा भूतकाळ पुसला आणि चोरणीला तिचा मिळाला. हे मला फार मोठं वाटतं.

नौपाडावाचक:
बाप रे, चिलचं माहीतच नव्हतं. मग झीरो अवर कुठून वाचू?

सानपाडा_कॉमिक्स:
४ पासून सुरू कर, ० ला थांब, मग तुझा कॅटवुमन ०. पाचही आहेत माझ्याकडे, रविवारी ठाणे स्टेशनला येतोय, वेस्टला तिकीट खिडकीपाशी भेट. फक्त कडा दुमडू नकोस.